दोष नाही, खाली माझी सही

जे मी आजवर कुणालाही, बायकोलासुद्धा, सांगितलेलं नाही ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे डोंगर-झाडं आली तरी ते त्यांच्या आड जाणार नाही. दोन वर्षांपूर्वी टोकावड्याजवळ आमची व्हॅन रस्ता सोडून भातात गेली. चालवत होते भास्करदादा, पण ती गेली माझ्यामुळे. चाकात खोट आहे हे मला आठ महिने ठाऊक होतं, आणि 'गाडीत काही दोष आहे का' असं विचारल्यावर मी 'नाही' म्हणून सही केली होती.

या प्रवासाबद्दल मी पूर्वी एकदा लिहिलंय, आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकात. 'वाटेत गाडी जराशी रुसली आणि आम्हाला खेड्यातला पाहुणचार लाभला' असं एक वाक्य त्यात आहे. ते लोकांना आवडलं. दोघांनी मुद्दाम फोन करून सांगितलं. त्या 'रुसली'चा मला आता इतका राग येतो की माझ्याकडची प्रत मी रद्दीत घातली. गाडी रुसत नाही. माणूस तिला बिघडवतो आणि मग माणूसच गप्प बसतो. त्या लेखात भाताचा पिवळा रंग आहे, सुकटीचं कालवण आहे, सिद्धगडसुद्धा आहे. चाक नाही. म्हणून हा प्रवास पुन्हा लिहितो.

नाशिकहून

आधी माणसं. मी नाशिकच्या एका शाळेत प्रयोगशाळा साहाय्यक आहे. परीक्षानळ्या धुताना कुणाशी बोलावं लागत नाही, म्हणून ती नोकरी मला मानवली. सुनंदा माझी बायको, भास्करदादा तिचे थोरले भाऊ. दादांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर एकही अपघात नव्हता, साधा आरसा कुठे घासलेला नव्हता. हेही त्यांनी कधी सांगितलं नाही, वहिनींकडून कळलं.

त्या वर्षी दादांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हटलं, पण त्यांचा मुलगा नीलेश ऐकेना. दादा रोज संध्याकाळी नातीला तबल्याच्या क्लासला गाडीतून न्यायचे-आणायचे. दिवसातलं तेवढंच काम त्यांना उरलं होतं आणि त्यासाठी ते चार वाजल्यापासून इस्त्रीचा शर्ट घालून बसत. शेवटी बापलेकांत ठरलं. आम्ही चार दिवस फिरायला निघालोच होतो, तर गाडी दादांनी चालवायची. कसारा घाट उतरायचा, शहापूर, मुरबाड करून माळशेजनं वर चढून घरी यायचं. सगळं नीट पार पडलं तर नीलेश पुन्हा विषय काढणार नाही. काही झालं तर दादांच्या गाडीची किल्ली नीलेशच्या हातात. म्हणजे आमची सहल ही दादांची परीक्षा होती, आणि परीक्षेची गाडी माझी होती.

गाडी बावीस वर्षांची. आदल्या वर्षभर डाव्या पुढच्या चाकातून गुरगुर येत होती. सुनंदा म्हणायची, "अहो, काहीतरी वाजतंय." मी म्हणायचो, "रस्ता वाजतोय." मग फेब्रुवारीत एकदा तिला न सांगता मागच्या गल्लीतल्या मिस्त्रीकडे नेली. त्यानं चाक काढून दाखवलं. बेअरिंग कोरडं पडून जळलं होतं, आणि ते ज्या जाड लोखंडी दांड्यावर बसतं, ज्याला गॅरेजवाले स्टब म्हणतात, तो दांडा झिजला होता. नवं बेअरिंग त्यावर ढिलं बसत होतं. मिस्त्रीनं पंच, म्हणजे टोकदार पोलादी खिळा, घेतला आणि स्टबवर हातोडीनं गोलाकार ठिपके ठोकले. ठोकलं की ठिपक्याच्या कडेचं लोखंड जरासं वर येतं आणि बेअरिंग घट्ट बसतं, तेवढ्यापुरतं.

"हे आठ दिवसांचं काम आहे," तो म्हणाला. "स्टब बदलून घ्या. आणि घाटात नेऊ नका."

मी हो म्हटलं आणि बदलला नाही. स्टब बदलायचा तर गाडी दोन दिवस गॅरेजात राहिली असती, सुनंदानं विचारलं असतं, आणि आवाज खरंच येत होता हे मला कबूल करावं लागलं असतं. दुसरं कारण नव्हतं. बायकोपुढे खोटं ठरायचं नाही, एवढ्यासाठी मी आठ महिने त्या ठिपक्यांवर गाडी चालवली. बाजारात, शाळेत, जवळपास. मग आवाज बंद आहे म्हणून मीही विसरल्यासारखं केलं.

निघायच्या सकाळी दादा आले ते एक लाल पुठ्ठ्याची छोटी वही घेऊन. नोकरीतली सवय. कुणाचीही गाडी हातात घेताना, अगदी शेजाऱ्याची मोपेड असली तरी, ते आधीच्या माणसाला विचारायचे, वहीत लिहायचे, त्याची सही घ्यायचे. घरातली पोरं हसायची. मीही हसत आलो होतो.

"अनंतराव, गाडी ताब्यात घेतोय. दोष सांगा."

"काही नाही, दादा."

"ब्रेक, स्टेअरिंग, चाकं, लाइटी?"

"सगळं ओके."

त्यांनी ठळक अक्षरांत 'दोष नाही' लिहिलं. मी सही केली. ते म्हणाले, "आता पुढचं सगळं माझं. दोष नाही म्हणून गाडी घेतली की मग चालवणाऱ्यानं तक्रार करायची नाही." आणि आरसा नीट करून बसले.

शहापूर

घाट दादांनी असा उतरवला की मागे सुनंदाला झोप लागली. खर्डीला चहा घेतला. तिथे टोपलीत काकड्या घेऊन बसलेल्या बाईनं एक काकडी मोडून चवीला दिली आणि आम्ही पाच घेतल्यावर म्हणाली, "मिठाची पुडी नाय देत, मीठ तुमच्या घरचं." आमच्याकडे नाशकात चवीला देत नाहीत, पण मीठ देतात.

महामार्गाबद्दल न लिहिलेलं बरं, पण लिहितो. खड्ड्यात सुटी खडी टाकून निघून जाणाऱ्या माणसाला त्याच खडीवरून दुचाकीनं नेलं पाहिजे. वर 'काम चालू, सहकार्य करा' असा फलक. कसलं सहकार्य, ते फलकावर लिहिलेलं नसतं.

शहापूरला लॉजवर उतरल्यावर दादा गाडीभोवती एक फेरी मारून आले. प्रत्येक चाकाच्या मध्यभागी उलटा हात लावून बघितला.

"डावं पुढचं जास्त तापलंय हो."

इथे मला दुसऱ्यांदा संधी होती. मी म्हटलं, "घाटात ब्रेक लागले असतील."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली. "असेल." सकाळी हात लावला तेव्हा चाक थंड होतं. रात्रभर उभ्या गाडीचं चाक थंडच असतं.

टोकावडे

दुसऱ्या दिवशी किन्हवलीवरून सरळगावला निघालो. दोन्ही अंगांना कापणीला आलेलं भात, बांधावर साग, लांब ढगांत सिद्धगडाचं टोक. हे सगळं मी मागच्या लेखात दीड पान लिहिलंय आणि त्यातलं एक अक्षर खोटं नाही. खोटं जे आहे ते त्या पानाखाली आहे.

टोकावड्याच्या जरा अलीकडे चाकातून आवाज आला. गुरगुर नव्हे, कुणी पत्र्यावर सळई ओढावी तसा. सुनंदा म्हणाली, "अहो." तेवढ्यात गाडी डावीकडे ओढली गेली. समोरून बस येत होती, म्हणून उजवीकडे जागा नव्हती. डावीकडे मोरीचा दगडी कठडा होता. दादांनी ब्रेक मारला नाही. दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून त्यांनी गाडी कठडा आणि बस यांच्या मधून ओढून काढली, मोरी संपल्याबरोबर सोडून दिली, आणि आम्ही हळूच भातात जाऊन बसलो. डाव्या चाकानं पाय दुमडावा तसं अंग टाकलं होतं. सुनंदाचं मनगट मुरगळलं. बाकी कुणाला ओरखडा नाही.

नंतर ज्यांना ज्यांना कळतं त्यांना विचारलं, तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं. तिथे ब्रेक मारला असता तर आम्ही कठड्यावर गेलो असतो. ब्रेक न मारण्याइतकं डोकं शांत असलेला माणूस गाडीत होता म्हणून मी आज हे लिहितोय.

आणि रस्त्यावर काय चाललं होतं? पाच मिनिटांत पंधरा माणसं जमली. दोन पोरांनी गाडीपुढे उभं राहून फोटो काढले. एका जाड गृहस्थानं गाडीतून न उतरता काच खाली करून विचारलं, "कोण चालवत होतं? हे काका का?" आणि दादांचे पांढरे केस बघून तिथल्या तिथे निकाल दिला, "या वयात कशाला चालवतात." काच वर करून गेला. चाकाकडे बघायला कुणी वाकलं नाही. दादा बांधावर उभे होते, शर्ट नीट खोचलेला, आणि सगळ्यांना सांगत होते, "माफ करा, माझ्या हातून गेली."

मी तिथेच उभा होतो. मला त्या गृहस्थाचा संताप आला, अजून येतो. पण त्यानं जे ठरवून टाकलं ते मी खोडून काढू शकत होतो आणि काढलं नाही. तेव्हा त्याच्यापेक्षा मी बरा कसा, ते मला अजून सांगता आलेलं नाही.

शेताची मालकीण ठमाबाई. साठीची असेल, कमरेला विळा खोचलेला. ती आली ती थेट चाकाच्या खुणेवरून चालत, लोळलेली लोंबी उचलून बघत.

"भात मी विळ्यानं कापणार व्हते. तुमी चाकानं कापलात."

सुनंदा मनगट धरून म्हणाली, "चुकलं हो मावशी. भरपाई देतो."

"भरपाई नको गो बाय. लोळलेला भात दोन दिसांत उचलला नाय तर दाण्याला मोड येतो. ज्यानं आडवा केला त्यानं कापून द्यायचा, आमच्यात असंच हाय." मग तिनं आमच्याकडे एकेक करून पाहिलं. दादांच्या पायांकडे, माझ्या मऊ हातांकडे. "कापता येतंय काय कुणाला? का पेन धरायचीच कामं?"

दादा म्हणाले, "मी कापीन. गाडी माझ्या हातात होती."

त्यावर मी बोलायला हवं होतं.

हिरामणचं गॅरेज

ठमाबाईच्या पुतण्यानं ट्रॅक्टरनं गाडी बाहेर ओढली आणि रस्त्यालगतच्या हिरामणच्या गॅरेजपुढे आणून सोडली. पत्र्याची शेड, भिंतीवर निळ्या चौकटीत बुद्धाची तसबीर, खाली पाने मोठ्यापासून छोट्यापर्यंत ओळीनं टांगलेले. हिरामण चाळिशीचा, शांत. दादा सुनंदाला घेऊन ठमाबाईकडे मनगटाला हळद लावायला गेले होते. गॅरेजात तो आणि मी.

चाकामागचा हब ओढून काढताना बेअरिंगचे तुकडे खाली सांडले. त्यानं स्टब रॉकेलनं धुतला, बोटानं पुसला आणि थांबला. वरची बाजू घासून निळी पडली होती, पण खालच्या बाजूला ठिपके तसेच होते, एकाशेजारी एक.

"ह्यो पंच कोणी मारला, सायब?"

"आधीच्या मालकानं असेल."

"गाडी कधी घेतली?"

"नऊ वर्षं झाली."

तो हसला नाही. "नऊ वर्षं पंच टिकत नाय वो. नऊ महिनं टिकला तर लय." त्यानं स्टब उचलून माझ्या हातात दिला. तळहातावर तो थंड आणि जड होता. "आमच्या वस्तादानं शिकवलंय, काढलेला पार्ट मालकाच्या हातात द्यायचा. जमिनीवर नाय टाकायचा. मालकानं बघायला पायजे. आता तुमी बघितलात."

"हं."

"डायवर म्हातारबा सांगत व्हते, त्यांची चूक म्हणून. ह्या स्टबवर गाडी रस्त्यावर राहिली कशी तेच नवल हाय. त्यांना सांगा तेवढं. मी बोलणार नाय, मी बाहेरचा."

तेवढ्यात फोन वाजला. नीलेश. सुनंदानं त्याला कळवलं होतं.

"काका, खरं सांगा. बाबांना दिसलं नाही ना?"

मी म्हटलं, "वळण होतं जरा."

"म्हणजे दिसलं नाही."

"हं," मी म्हटलं.

आयुष्यात मी फार खोटं बोललेलो नाही. मला बोलायचाच कंटाळा. पण त्या एका 'हं'नं जे केलं ते एखाद्या बडबड्या खोटारड्याला दहा वर्षांत जमलं नसतं. हिरामण पाठमोरा होऊन पाना पुसत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

पुन्हा शहापूर, मग मुरबाड

एवढ्या जुन्या व्हॅनचा स्टब टोकावड्यात मिळणं शक्य नव्हतं. हिरामण म्हणाला, शहापूरला बघा, भंगारात जुन्या व्हॅन पडलेल्या असतात, पण जुना नमुना बरोबर न्या. तिसऱ्या सकाळी एसटीनं निघताना मी स्टब वर्तमानपत्रात गुंडाळला, वर फडकं, वर पिशवी. दादा म्हणाले, "मीही येतो. पार्ट घेताना दोन डोळे जास्त असावेत."

शहापूरच्या दुकानातला पोरगेला मालक मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, "आहे ना काका. एकदम नवा." आणि खोक्यातून चंदेरी रंगाचा चकचकीत स्टब काढून ठेवला. मला तर तो नवाच वाटला. दादांनी तो उजेडाकडे धरला, हळूहळू फिरवला आणि खिशातल्या किल्लीनं एका जागी रंग खरवडला. रंगाखाली वेल्डिंगची रेघ होती, केसाएवढी.

"हा मोडलेला जोडलाय."

"अरे काका, सगळे लावतात. गॅरंटी देतो ना मी, बिनधास्त न्या."

"गॅरंटी चाक सुटल्यावर कुठून आणून देणार? तुझी व्हॅन असती तर लावला असतास?"

तो हसून म्हणाला, "माझी कार आहे."

मी भडकलो. मी, जो कधी भांडत नाही. मोडका स्टब रंगवून विकायला लाज कशी वाटत नाही, लोकांची पोरंबाळं गाडीत असतात, असं मी बरंच बोललो. दुकानातली दोन गिऱ्हाइकं निघून गेली. त्या मालकानं फक्त एवढं केलं : "तुमचा जुना दाखवा, मॅच करतो," म्हणून माझी पिशवी ओढली आणि स्टब काउंटरवर उघडा केला.

दादांनी रुमाल काढला आणि ग्रीस पुसलं. अंगठा खालच्या बाजूवरून फिरवला, सावकाश, एकेका ठिपक्यावरून. ज्या डोळ्यांनी रंगाखालची रेघ ओळखली त्या डोळ्यांना पंचचे ठिपके दिसले नाहीत असं मी स्वतःला दोन वर्षं सांगत आलोय. दिसले. त्यांनी स्टब पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला, मी गुंडाळला होता त्याहून नीट, आणि म्हणाले, "चला, भंगारात बघू."

रस्त्यात मला त्यांचाही राग आला. हे मी लपवणार नाही. मला वाटत होतं, हा माणूस भर बाजारात माझी कॉलर का धरत नाही? दुकानदाराला शहाणपण शिकवून मी त्यांच्या शेजारून चालत होतो आणि ते मला रस्ता ओलांडताना हात धरून थांबवत होते, मागून ट्रक येतोय म्हणून.

भंगारवाल्याकडे एक व्हॅन मिळाली, मागून ठोकलेली, पुढून धड. तिचा डावा स्टब निघाला. हिरामणनं बजावलं होतं, मुरबाडला लेथवर माप घेतल्याशिवाय आणू नका. दुपारी मुरबाडला पोचलो. लेथ चालवणारी बाई होती, शालिनीताई. वडिलांचं वर्कशॉप, वडील गेल्यावर तिनं बंद पडू दिलं नाही. साडीवर खाकी शर्ट, केस फडक्यात बांधलेले. तिनं स्टबवर तीन ठिकाणी माप घेतलं, नवं बेअरिंग सरकवून बघितलं.

"बरोबर बसतंय. हातानं जाईना आणि ठोकायला लागेना, असं पायजे. न्या."

मग तिला नमुन्याचा जुना स्टब दिसला. तिनं उचलला आणि तोंड वाकडं केलं.

"ह्याच्यावर वेल्डिंग भरून देता का विचारायला आला असता तर हाकललंच असतं. कोणी मारला हा पंच? मापात खोटं करायचं आणि ग्रीस थापायचं. त्याला आणा इथं, मी बोलते त्याच्याशी."

मी भिंतीवरच्या ड्रिलच्या पात्यांकडे बघत होतो.

दादा म्हणाले, "जुनी गाडी आहे ताई. कुणाच्या हातून काय झालं, आता कुठे शोधायचं?"

"शोधायला काय. ज्याच्या हातात गाडी तो सांगेल ना."

"हो," दादा म्हणाले. "गाडी माझ्या हातात होती."

त्या संध्याकाळी ठमाबाईकडे तांदळाची भाकर आणि सुकटीचं कालवण होतं. मागच्या लेखात मी त्याच्या चवीवर आठ ओळी लिहिल्यात. खरं म्हणजे मला एक घास गिळायला पाणी लागत होतं. ठमाबाई म्हणाली, "ह्यांना तिखट लागला वाटतं." सगळे हसले.

भात

चौथ्या सकाळी हिरामण स्टब बसवत होता आणि आम्ही लोळलेलं भात कापत होतो. चाकानं जवळजवळ वीस पावलं लांब पट्टा आडवा केला होता. उभं भात मुठीत धरून कापता येतं. लोळलेलं आधी उचलावं लागतं, ओलं असतं, विळा निसटतो. ठमाबाईनं मला पहिल्या पाच मिनिटांत तीनदा थांबवलं.

"आरं, बोट कापशील. पेंढी बांधायची हाय, भाजी नाय चिरायची."

दादा माझ्यापुढे होते. सत्तरीला टेकलेला माणूस, कमरेत वाकून, माझ्यामुळे लोळलेलं भात कापत होता, कारण त्या गावात ज्यानं आडवं केलं त्यानंच कापायचं असतं. नियम बरोबर होता. माणूस चुकीचा होता. मी दोन पेंढ्या बांधल्या, त्यांनी नऊ.

दहाच्या सुमाराला हिरामणची हाक आली. चाक हातानं फिरवून त्यानं दाखवलं, आवाज नाही, हेलकावा नाही. जुना स्टब त्यानं कागदात बांधून माझ्या सीटखाली ठेवला. "विसरू नका," म्हणाला. एवढंच.

गाडीत बसण्यापूर्वी दादांनी लाल वही काढली. पान माझ्यासमोर धरलं. 'दोष नाही'. खाली माझी सही.

"अनंतराव, यात तुमच्याकडून काही दुरुस्ती?"

त्यांचा आवाज अगदी साधा होता. रागाचा नाही, दुखावल्याचाही नाही. गाडी परत डेपोत देताना विचारतात तसा. सुनंदा पाच पावलांवर ठमाबाईकडून तांदळाची पिशवी घेत होती. हिरामण हात पुसत उभा होता. मी सांगितलं असतं तर सगळ्यांना ऐकू गेलं असतं, आणि नेमकं त्याचसाठी सांगायला हवं होतं.

"नाही, दादा."

त्यांनी मान हलवली, पेन उघडलं आणि माझ्या सहीखाली लिहिलं. मी उलट्या बाजूनं वाचलं. 'टोकावड्याजवळ गाडी रस्त्याबाहेर. ताबा घेताना मालकाने दोष नाही असे सांगितले. सबब जबाबदारी चालकाची.' त्याखाली त्यांची सही. वही खिशात घातली आणि किल्ली माझ्यापुढे धरली.

"पुढे तुम्ही चालवा."

माळशेज मी चढवला. दादा मागच्या सीटवर खिडकीशी बसले होते. घाटात गाड्या कडेला लावून नाचणारी, बाटल्या फोडणारी मंडळी होती, आणि एरवी त्यांच्याबद्दल मी दोन परिच्छेद चिडून लिहिले असते. त्या दिवशी चिडायचा मला हक्क नव्हता. बोगद्याच्या अलीकडे दादा एकदाच बोलले, "दुसऱ्यात टाका." मी टाकला. गाडी एकदम बिनआवाज चढत होती.

घरी

नीलेशनं त्याच संध्याकाळी दादांच्या गाडीची किल्ली मागितली. दादांनी ती खिशातून काढून टीपॉयवर ठेवली. वाद घातला नाही, वही दाखवली नाही. किल्ली अजून नीलेशच्या खोलीत खुंटीला आहे. नात रिक्षानं क्लासला जाते. दादा चार वाजता इस्त्रीचा शर्ट घालत नाहीत. मध्यंतरी नीलेश मला म्हणाला, "बरं झालं काका, तुम्ही होतात बरोबर. नाहीतर बाबांनी आम्हाला खरं सांगितलंच नसतं." मी चहा प्यायलो.

मला वाटायचं, मी अबोल आहे. ते खोटं होतं. शहापूरच्या त्या दुकानात मी चांगला अर्धा तास बोललो, कारण तिथे चूक दुसऱ्याची होती. त्या दुकानदारानं मोडक्या स्टबवर चंदेरी रंग मारला होता. मी माझ्या स्टबवर एक आख्खा प्रवासलेख मारला, भाताच्या पिवळ्या रंगाचा.

जुना स्टब शाळेच्या प्रयोगशाळेत माझ्या कपाटात आहे, कागदात बांधलेला. हे लिहिलेलं सुनंदा उद्या वाचेल. आवाज खरंच येत होता, हे तिला पहिल्यांदा इथे कळेल. तिच्यापुरतं तेवढं होईल. पण लिहून छापलं म्हणजे सांगितलं असं होत नाही, हे मी मागच्या वेळी शिकलोय.

दादांच्या घरी जाऊन, नीलेशसमोर, तो स्टब टीपॉयवर ठेवायचा आहे. लाल वही मागून त्या पानावरची माझी सही खोडायची आहे. तिच्याखाली 'डाव्या पुढच्या चाकाचा स्टब झिजलेला, पंच मारलेला, मालकास माहीत' असं लिहून नवी सही करायची आहे, ते मोठ्यानं वाचायचं आहे, आणि दादांची किल्ली खुंटीवरून काढून त्यांच्या हातात द्यायची आहे. एवढं मी त्यांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.